कुशनूरच्या जेलातल्या बाया

शिलाई मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते कळतच न्हाई. एक दिवस झाडू घातला की पोतंभर निघतात. त्या शूटिंगच्या किश्शांचं माझं तसंच झालंय. ठाणाकुशनूरच्या बाहेर रस्त्याला लागून एक बंद गोडाऊन हाय. तिथं बेंगळुरूची माणसं सिनेमा करायला आली. बायांचं जेल, आणि शेवटी सगळ्या कैदी पळून जातात, एवढीच गोष्ट आम्हाला सांगितली. मला कैद्यांचे कपडे शिवायला बोलावलं होतं. बाया कमी पडल्या, म्हणून मलाच जेलात टाकलं!

*

पहिल्या दिवशी कोठडीत नुसतं पडून राहायचं काम. गज म्हणजे प्लास्टिकचे पाईप, वरून काळा रंग. त्यांच्यामधून ऊन आत यायचं आणि हळूहळू आमच्या पायांवरून सरकत जायचं. कुणाची हाक न्हाई, चूल न्हाई, ताट आयतं समोर. म्हातारी काशीबाई डोळे मिटून म्हणाली, "जेलात लई बरं वाटायलंय गं. सुटका झाली तरी मला उठवू नका."

डायरेक्टरला दुःखी चेहरे पाहिजे होते. आम्ही दहाजणी पेंगत हसत होतो.

*

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरनं सांगितलं, पळताना मनात एक जागा धरा. मग काय, दुपारभर पडल्या पडल्या आम्ही जागाच ठरवत बसलो. अनुसया म्हणाली, "समुद्र. कसा असतो ते बघून येते." काशीबाईला कुठल्यातरी तळ्याकाठी एकटीनं बसायचं होतं. मला असं गाव पाहिजे होतं, जिथं कुणीच ब्लाउज घालत न्हाई!

शांताक्का म्हणाली, "बिदर."

आम्ही हसलो. बिदरला तर रोज बस जाते. मग आठवलं.

शांताक्काची लेक बिदरला असते. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा अण्णांनी, म्हणजे शांताक्काच्या मालकांनी, उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "तिच्याकडं गेलीस तर माघारी यायचं न्हाई." त्याला तीन वर्षं झाली. नातू दीड वर्षाचा झालाय. शांताक्का माझ्या दुकानात येऊन माझ्या फोनवर त्याला बघायची. तिकडून पोरगं काचेला हात लावायचं, इकडून ही बोट टेकवायची. मला लई रडू यायचं, मशीन चालायची न्हाई.

*

मग पळायचा सीन आला. कानडी आम्हाला बाजारापुरती येते. काशीबाई दारापाशी, हात कडीवर. डायरेक्टर ओरडला, "ओडु! ओडु!" कानडीत ते 'पळ'. काशीबाईला ऐकू आलं 'ओढ'. तिनं सगळा जोर लावून उघडं दार ओढलं, आणि आम्ही पुन्हा आत.

उदगीरचा असिस्टंट धावत आला. "आज्जी, दार कामून लावलाव?"

"तुम्हीच म्हणालाव की."

असं दोनदा झालं.

*

तिसऱ्यांदा काशीबाईला दारापासून लांब उभं केलं. दार उघडलं, आम्ही पळालो. रस्ता आला की थांबायचं, असं ठरलं होतं. आम्ही थांबलो. शांताक्का थांबली न्हाई. समोरून बिदरची बस यायली होती. तिनं हात केला, बस थांबली, ती चढली. अंगावर कैद्याची पांढरी साडी, पायात चप्पल न्हाई. मागं डायरेक्टर खूश, त्याला वाटलं बाई ॲक्टिंग करायलीय.

मी पळत बसच्या दारापर्यंत गेले. "अक्का, अण्णांना काय सांगू?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर खोचून घेतला.

आमच्याकडं कर्नाटकात बायांना बस फुकट हाय, फक्त आधार कार्ड दाखवायचं. कंडक्टरनं हात पुढं केला. "आधार कार्ड?"

शांताक्कानं छातीवर मी शिवलेला कैद्याचा नंबर धरून दाखवला.

त्यानं तो सावकाश वाचला. मग तिच्या अनवाणी पायांकडं बघितलं.

"कुठं जायचंय, अक्का?"

"लेकीकडं."

कंडक्टरनं तिला खिडकीजवळची सीट दाखवली आणि शिट्टी मारली.