किल्ल्याला परत दिलेला दगड

मराठ्यांनी सुरुंग लावून वसईच्या किल्ल्याचा बुरूज उडवला आणि त्यातले दगड पुढे कुणाकुणाच्या वाडीत गेले, हे इथं कुणाला नवीन नाही. पापडीला आमच्या विहिरीवरही एक होता. त्यावर फिरंग्यांनी कोरलेलं फूल होतं म्हणे. कोरलेल्यावर पाय पडू नये, म्हणून आमच्या पूर्वजांनी तो पालथा बसवला आणि सपाट पाठीवर घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या धुणं धूत आल्या.

वाडी विकली गेली. विहीर बुजवणार होते, आईला नायगावच्या फ्लॅटमध्ये न्यायचं होतं. तिने कशाचाही हट्ट धरला नाही, फक्त एवढंच म्हणाली, "तो दगड भरावात घालू नका. किल्ल्याचा आहे, किल्ल्यात लावा. अधूनमधून बघता तरी येईल." लग्न होऊन आली त्या घरातलं तेवढंच शिल्लक राहणार होतं.

नेमकी किल्ल्याच्या भिंतीची डागडुजी चालू होती. म्हटलं, सोपं काम आहे. डोंबलाचं सोपं! तिथले साहेब विचारतात, दगड तुमच्याकडे आला कुठून? आता बुरूज उडाला तेव्हा मी होतो का तिथं? हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला. शेवटी कंटाळून म्हणा, दया येऊन म्हणा, ते हो म्हणाले. टेम्पोत चढवताना आम्ही ते फूल पहिल्यांदा पाहिलं. एक पाकळी उडालेली होती.

चुना वाळल्यावर तिला रिक्षाने घेऊन गेलो, तर भिंतीत फूल कुठंच नाही. मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, आजूबाजूचे दगड साधे, फूल विजोड दिसलं असतं, म्हणून आतल्या बाजूला घेतलं. माझं टाळकंच सटकलं. पण भांडायचंही त्राण उरलं नव्हतं, तिथंच मटकन बसलो. वाटलं, लढाई परवडली, ही दुरुस्ती नको.

आई मात्र काठी टेकत भिंतीशी गेली. दगडांवरून हात फिरवत एका ठिकाणी थांबली. तो दगड मधे खोलगट झिजलेला होता, गुळगुळीत.

"फूल त्यांचं होतं रे," ती म्हणाली. "ही बाजू माझी आहे."

तिने पदराने दगडावरची चुन्याची धूळ पुसली आणि नायगावहून इथं यायला थेट बस आहे का, ते विचारलं.