चाकाखालचा दगड

आयुधपूजेच्या दिवशी गल्लीत नारळ फुटल्याचा आवाज आला, की ती घटना आजही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, काही उघडकीला आणले आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली. या प्रकरणाबद्दल मात्र मला काहीही मिळालं नाही. उलट वरिष्ठ म्हणाले, "त्यात काय होतं? साधा अपघात." तो साधा अपघात होता हे मी शोधलं, म्हणून तो साधा ठरला. हे तेव्हा तोंडावर सांगायची सोय नव्हती. आता निवृत्त झालो आहे, आता सांगतो.

आमचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत निरीक्षक झालो. कोणी हात धरून वर चढवलं नाही. माझ्या हाताखाली शिकलेले मात्र माझ्या डोक्यावर जाऊन बसले. माझी जुनी जीप मी स्वतः दुरुस्त करतो, कारण गॅरेजवाल्यांचा आणि माझा भाव कधी जमला नाही. इथल्या शिवाजीनगरच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात मी शिरलो की दुकानदार आधी चहा मागवायचा; प्रकरण लांबणार हे त्याला माहीत असायचं. हे सांगतो, कारण या तपासात मला पोलीस प्रशिक्षणापेक्षा तो बाजार जास्त उपयोगी पडला.

त्या सकाळी ठाण्यातही पूजा होती. बंदुका पुसून, कुंकू लावून टेबलावर मांडल्या होत्या. जीपला केळीचे खांब बांधले होते. ठाणे अंमलदार सगळ्यांच्या ओंजळीत चुरमुरे घालत होता, तेवढ्यात फोन वाजला. राजाजीनगरच्या एका उताराच्या गल्लीत उभी असलेली जुनी मोटार घसरली होती, आणि खाली आपल्या नव्या गाडीपुढे पूजेला बसलेल्या गृहस्थाला तिने चिरडलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा जखमीला इस्पितळात नेलेलं होतं. पाय मोडला होता, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याचे कुंकू भरलेले तुकडे, झेंडूच्या पाकळ्या आणि जुन्या गाडीचं नाक नव्या गाडीच्या नाकाला भिडलेलं. जखमीची बायको रस्त्यातच ओरडत होती, "अपघात कसला? मुद्दाम केलंय! सगळ्या गल्लीला विचारा!"

गल्लीला विचारलं. गल्लीने एका सुरात सांगितलं. जुन्या गाडीचे मालक आणि हा जखमी शेजारी यांचं गाडी उभी करण्यावरून वर्षानुवर्षं वैर होतं. शेजारी म्हणायचा, हे भंगार माझ्या दारासमोरून हलवा. मालक एकदा भर रस्त्यात म्हणाले होते, "एक दिवस हेच भंगार तुझ्या अंगावर घालीन!"

हे मालक म्हणजे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले, निवृत्त म्हातारे गृहस्थ. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ते मराठीत बोलले. मी काही विचारायच्या आधीच हात जोडून म्हणाले, "साहेब, दगड लावायचा राहिला. चूक माझी. लिहून घ्या."

या दगडाबद्दल सांगायला हवं. घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला ते सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. म्हाताऱ्यांनी आदल्या दिवशी प्रोपेलर शाफ्ट काढला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा हा लांब दांडा. तो व्हरांड्यात आडवा ठेवलेला मी पाहिला. दांडा नसला की गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही. चाकं मोकळी ती मोकळीच. हँडब्रेक ओढलेला होता, पण केबल जुनी. अशी केबल थोडा वेळ धरते, मग दमून सोडून देते. अशा गाडीचा सगळा भार चाकाखालच्या दगडावर असतो. आणि चाकाखाली दगड नव्हता.

पंचनामा झाला, आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. म्हाताऱ्यांना ठाण्यात आणलं. त्यांच्या मागोमाग त्यांची बायको रिक्षाने आली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

दुपारी दुसरा फोन आला. फोन करणारा समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा तरुण, मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. "सर, माझं नाव कुठे येणार नाही ना? ॲक्चुअली, मी बाल्कनीतून बघितलंय. सकाळी ते अंकल टायरपाशी वाकले होते. हातात काहीतरी राउंड होतं. नट असणार, सर. नट लूज करत होते. हंड्रेड पर्सेंट!"

ही खबर वरिष्ठांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. थेट भरतीने आलेला, माझ्याहून लहान माणूस. फोनवर म्हणाला, "धमकी आहे, साक्षीदार आहे, कबुली आहे. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा आणि अटक दाखवा."

"सर, जखमी शुद्धीवर येऊ द्या. परवापर्यंत वेळ द्या."

"परवा? आजच्या आज!"

"निदान उद्या संध्याकाळ, सर."

"उद्या सकाळ."

"दुपार करा, सर. सणाचा दिवस आहे, डॉक्टरसुद्धा जागेवर नाहीत."

"दुपार. त्यापुढे ऐकणार नाही."

मला दुपारच हवी होती. परवा मागितल्याशिवाय दुपार मिळत नाही.

मग म्हाताऱ्यांना समोर बसवलं.

"धमकी दिली होती?"

"दिली होती."

"दगड लावला नाही?"

"नाही लावला."

"चाकाचे नट सैल केले?"

ते गोंधळले. दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "केले असतील, साहेब."

माझं डोकं फिरलं. चारही चाकांचे नट मी स्वतः तपासले होते. एकूण एक घट्ट होते. मी टेबलावर हात आपटला, चहाचा कप लवंडला. "अण्णा, न केलेलंसुद्धा कबूल करताय? मला काय खुळा समजलात?"

बाजारात मी एक गोष्ट शिकलो होतो. पहिल्याच भावाला 'हो' म्हणणाऱ्याचा माल उलटून पाहावा, खाली काहीतरी दडवलेलं असतं. गुन्हेगार घासाघीस करतो. मी नव्हतो, होतो पण पाहिलं नाही, पाहिलं पण हात लावला नाही, असा पायरी-पायरीने खाली येतो. हा माणूस घासाघीसच करत नव्हता.

मी आवाज खाली आणला. "अण्णा, गाडीखाली कधीपासून शिरताय?"

"मुलगा शाळेत होता तेव्हापासून."

"मीही शिरतो. माझा हात पान्याकडे जायच्या आधी दगडाकडे जातो. झोपेतसुद्धा जाईल. तुम्ही विसरलात?"

"वय झालं, साहेब." आणि पुन्हा दाराकडे नजर.

दाराबाहेरच्या बाकावर त्यांची बायको होती. मी उठून तिच्याकडे गेलो. तोंड उघडायच्या आत ती उभी राहिली.

"साहेब, त्यांना सोडा. दगड मीच काढला. रांगोळीच्या मध्ये येत होता."

"काढून कुठे ठेवलात, अक्का?"

"तिकडंच... गटाराकडं."

"कोणत्या हाताला? खालच्या की वरच्या?"

तिने पदर तोंडाला लावला.

आता एका दगडाला दोन धनी झाले. हवालदार मला कन्नडमध्ये म्हणाला, "सर, यांच्यात कोणाला अटक करायची ते यांनाच ठरवू द्या." मी त्याच्यावरही ओरडलो, पण मनातून मला बरं वाटलं. दोघंही खोटं बोलत होते, आणि एकमेकांसाठी बोलत होते. म्हाताऱ्यांना वाटत होतं, दगड हिने काढला. तिला वाटत होतं, यांनी काढला. म्हणजे दोघांपैकी कोणीच काढला नव्हता. मग तो काढला कोणी, आणि गेला कुठे? महजरमध्ये 'दगड आढळला नाही' एवढीच ओळ होती. तो शोधला कोणीच नव्हता.

ऊन उतरायच्या आत हवालदाराला घेऊन पुन्हा गल्लीत गेलो. आधी म्हाताऱ्यांच्या घरात. देवघरासमोर पाटावर त्यांची सगळी हत्यारं मांडलेली होती: पाने, पक्कड, हातोडा, जॅकसुद्धा. प्रत्येकावर विभूती, कुंकू, वर फूल. कुंकू वाळून चिकटलं होतं. हा आमच्याकडचा नियम. आयुधपूजेला हत्यार देवापुढे गेलं की विजयादशमीला उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. म्हणून तर काम अर्धवट टाकून, शाफ्ट व्हरांड्यात ठेवून त्यांनी गाडी तशीच उभी केली होती. मग सकाळी नट सैल केले ते कोणत्या पान्याने?

गाडी मूळ जिथे उभी होती तिथे आलो. डांबरावर सालीसकट चपटं झालेलं लिंबू पडलं होतं. मी त्या पुण्याच्या तरुणाला खाली बोलावलं आणि ते दाखवलं.

"हे काय आहे?"

"लिंबू, सर."

"राउंड असतं ना?"

"पण लिंबू चाकाखाली कशाला?"

"इथे पूजेला प्रत्येक चाकाखाली ठेवतात. तुमच्याकडे नाही ठेवत?"

"आमच्याकडे बाबा फक्त झेंडूचा हार घालायचे." मग हळूच म्हणाला, "सॉरी, सर. मी फार कॉन्फिडंटली बोललो का?"

"कलम लागण्याइतपत," मी म्हणालो.

राहिला दगड. तो शेजाऱ्याच्या फाटकाच्या खांबाशी होता, हारांच्या टोपलीआड. एक बाजू टायर घासून काळी आणि गुळगुळीत झालेली. वर्षानुवर्षं एकाच चाकाला टेकलेल्या दगडाचीच अशी होते. दुसऱ्या बाजूला नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या. शेजारीच नारळाची दोन भकलं. पंचांसमोर दगड जप्त केला, चिठ्ठी लावून मुद्देमालात जमा केला.

चित्र स्पष्ट होतं, पण चित्राने भागत नाही. नारळ फोडणाऱ्याने ते स्वतः सांगायला हवं होतं. आणि तो वैरी होता. "मला ठाऊक नाही" एवढं म्हणाला असता, तरी म्हातारे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून निरोप आला: शुद्धीवर आले आहेत. मी गेलो. पाय प्लास्टरमध्ये, डोक्याला पट्टी. बायको उशाशी. मी दगडाचं नावसुद्धा काढलं नाही. तब्येत विचारली, नव्या गाडीचं कौतुक केलं. ऑटोमॅटिक आहे, म्हणाले. थांबवली की एक बटण, हलत नाही. मग मी सहज विचारलं, "नारळ कशावर फोडलात?"

बायको म्हणाली, "असले प्रश्न काय विचारता? आधी त्याला आत टाका."

शेजाऱ्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता गेलं. मग तो बायकोला म्हणाला, "तू स्वल्प गप्प बस." आणि माझ्याकडे वळला. "तो दगड रोज माझ्या दारासमोर असतो. रोज बघून डोकं तापतं. काल नारळ फोडायला काही मिळेना. म्हटलं, याचाच घेऊ. काढला, फोडला, गाडी जागची हलली नाही. गिअरमध्ये असेल असं वाटलं. खाली बसून उदबत्ती लावत होतो..." त्याने प्लास्टरकडे पाहिलं. "म्हातारा काय म्हणतो?"

"म्हणतो, चूक माझी."

"सरी, लिहून घ्या. चूक त्याची नाही."

मी आयुष्यात पुष्कळ जबाब लिहिले. त्या जबाबाखाली त्याची सही झाली तेव्हा माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. खाली येऊन इस्पितळाच्या उपाहारगृहात मी कॉफी घेतली आणि कधी नव्हे ते बिलावरून भांडलो नाही.

दुपारच्या आत वरिष्ठांना अहवाल गेला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं नाही. अपघाताची नोंद झाली, पुढे दोन्ही घरांत समेट झाला. म्हाताऱ्यांना ठाण्यातून सोडलं तेव्हा ते आणि त्यांची बायको बाकापाशी समोरासमोर उभे होते.

"मला वाटलं, तूच काढलास."

"अहो, मला वाटलं तुम्ही! मी तुम्हाला विचारल्याशिवाय त्या दगडाला कधी हात लावलाय?"

"मग विचारायचं नाही का मला?"

"तुम्ही तरी विचारलंत?"

ठाण्याच्या दारात दोघं कडाकडा भांडले, आणि भांडत भांडत रिक्षात बसले. इतकं चांगलं भांडण मी पाहिलेलं नाही.

खून सापडला तर पदक मिळतं. खून नव्हताच हे दाखवलं तर कागद फाईलला लागतो आणि संपतं. याचा राग मला आजही आहे, तो लपवत नाही. पण त्या प्रकरणाने मला एक शिकवलं, आणि पुढच्या प्रत्येक तपासात ते मी वापरलं. कबुली मिळाली की तपास संपत नाही. माणूस गुन्हा लपवायला खोटं बोलतो, तसा आपलं माणूस वाचवायलाही बोलतो. दुसरं खोटं जास्त पक्कं असतं, कारण त्यात तो काही वाचवून ठेवत नाही.

मोटार वाहन निरीक्षकाने तपासून गाडी सोडली. म्हातारे ठाण्यात आले. "साहेब, दगड कधी मिळेल? गाडी पुन्हा उतारावर उभी करायचीय."

"मुद्देमाल आहे, अण्णा. हुकूम आल्याशिवाय देता येत नाही."

ते काळजीत पडले. काही दिवसांनी समेटाच्या कागदावर सह्या घ्यायला मी गल्लीत गेलो, तर गाडी होती तिथेच, ऐटीत उभी. मागच्या चाकाखाली काळ्या दगडाचा जुना रगडा होता. मिक्सर आल्यापासून बंगळूरच्या प्रत्येक परसात असा एक पडून असतो.

"कुठून आणलात?" मी विचारलं.

म्हाताऱ्यांनी शेजारच्या फाटकाकडे बोट केलं. शेजाऱ्याची बायको तिथे उभी होती. तिने हसू दाबलं आणि म्हणाली, "मीच दिला. आमच्या यांचा भरवसा नाही. हा उचलायला दोन माणसं लागतात."