तांदळाच्या डब्यातला केक

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोदामाचं गेट दिसायचं, आणि हीच स्नेहलची खरी पंचाईत होती. लग्नाआधी तिथल्या ऑफिसात तिनं तीन वर्षं ड्युटी केली. मग भिवंडीतल्या नारपोलीची ही मुलगी पूर्णा गावात सून म्हणून आली, तीही नेमकी त्याच गोदामाच्या जमीनमालकाच्या घरात. झालं! मालकाच्या सुनेनं भाडेकरूकडे नोकरी केली तर गावात नाक कापलं जाईल, असं सासूबाईंनी, म्हणजे कलावतीबाईंनी, ठरवून टाकलं. घरात एसी होता, दारात गाडी होती. पण स्नेहलला घराबाहेर पडायला कारण सांगावं लागायचं.

मागच्या आठवड्यात ऋतिकाचा फोन आला. ती तिथली जुनी मैत्रीण, आता ऑफिसची इन्चार्ज. "एक जागा निघालीय. सोमवारी कंपनीची हॉलंडची मॅडम मुलाखत घ्यायला येतेय. तू फक्त ये, बाकी मी बघते."

नवरा भूपेश म्हणाला, "आईला विचार," आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. एवढा आडदांड गडी, पण आईपुढे मांजर.

स्नेहलनं केक करायचं ठरवलं. ही मॅडम पूर्वी आली होती तेव्हा तिकडचा न्याहारीचा केक घेऊन आली होती आणि तिनं स्नेहलला कृतीही लिहून दिली होती. ना अंडं, ना लोणी. राय नावाच्या धान्याचं पीठ, पाक आणि मसाले. राय भिवंडीत कुठून मिळणार? तिनं नाचणीचं पीठ घेतलं, थोडी कणीक, काकवी, सुंठ, लवंग, दालचिनी, जायफळ. कुकरची शिटी नि रबर काढून, तळाशी मीठ पसरून मंद आचेवर तासभर ठेवला. अर्धा मॅडमला, अर्धा सासूबाईंना. रविवारी त्यांचं तोंड गोड करायचं आणि लगेच विचारून टाकायचं. हा केक दिवसभर बांधून ठेवला की मुरतो, म्हणून शुक्रवारी रात्रीच तिनं कोपरा चाखून तो फडक्यात गुंडाळला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला.

शनिवारी ती गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आली, तर कलावतीबाई डबा उघडून बसलेल्या. आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

"चोरून खातीस गो बाय? नाचणी, सुंठ, काकवी! मना डोहाळे कलत न्हाय काय?"

"आई, तसं काही नाही..."

"पयल्या टायमाला समद्या असंच बोलतान."

डोहाळे होते खरे, पण समोरच्या गेटाचे. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात ओट्यावरचा तिचा मोबाइल वाजला. बाईंनीच उचलला.

"कोन, ऋतिका? कसली ड्युटी गो? ती न्हाय येयाची आता. तिला दिस गेलेत!"

"अय्या! अभिनंदन सांगा तिला," पलीकडून आवाज आला. "मग मी दुसरीचं नाव देते."

"ऋतिका, थांब!" स्नेहल धावली. बाईंनी फोन बंद केला आणि कमरेला खोचला.

"मोबाइल बास झाला. पोटातल्या लेकराला तरास होतंय. आता नऊ म्हयने उंबऱ्याभाईर पाय टाकू नको. कलला काय?"

असं म्हणून त्यांनी मायेनं केकचा भलामोठा तुकडा तोडला आणि तिच्या तोंडात कोंबला. केक छान मुरला होता, अगदी मॅडमच्या केकसारखा. स्नेहलचं तोंड भरलेलं होतं. तिला नाही म्हणता आलं नाही.