खालून वाचा

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाशी चष्मेवाली गोड बोलायची, पण एका बाईंवरचा तिचा राग अडतीस वर्षांत तसूभरही कमी झाला नव्हता. लोक म्हणायचे, लहानपणीचं कसलं मनात धरून बसायचं! म्हणू देत. लोकांना दुसरीत दोनदा बसवलं नव्हतं.

दुसरीच्या त्या बाईंची एक पद्धत होती. दर शनिवारी त्या मुलांच्या जागा बदलायच्या. फळ्यावरचं वाचता आलं की एक बाक पुढे, नाही आलं की एक बाक मागे. चष्मेवाली सुरुवातीला तिसऱ्या बाकावर होती. तिथूनही तिला फळ्यावर नुसता पांढरा फराटा दिसायचा. मग चौथा बाक, पाचवा बाक. जेवढी मागे जाई तेवढं कमी दिसे, आणि जेवढं कमी दिसे तेवढी आणखी मागे जाई. तीन महिन्यांत पोरगी शेवटच्या बाकावर, मोडक्या कपाटाला पाठ टेकून. एवढी साधी गोष्ट बाईंच्या डोक्यात शिरली नाही. आणि ढ कोण, तर ही!

आपल्याला दिसत नाही हे तिला तरी कुठे कळत होतं? तिला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं, बाकीचे हुशार म्हणून त्यांना त्या फराट्यातूनही वाचता येतं. मग तिने आपल्यापुरती वाट काढली. आधीची मुलं उठून वाचत, ते जिवाचा कान करून ऐकायचं आणि आपली पाळी आली की घडाघडा म्हणून टाकायचं. कान मोठे तिखट होते तिचे. तीन शनिवार निभावले, तीन बाक पुढे सरकली. घरी उड्या मारत आली, तेव्हा आईने कणकेच्या हातानेच तिला जवळ घेतलं.

चौथ्या शनिवारी बाई म्हणाल्या, "हं, वाच." ही वरच्या ओळीपासून सुरू झाली. बाईंची छडी होती सगळ्यात खालच्या ओळीवर. वर्गात खसखस पिकली. बाईंनी तिला थांबवलं नाही. पाचही ओळी म्हणू दिल्या, हसं पुरतं होऊ दिलं, आणि मग बोलल्या, "वा गं वा! काय दिवे लावलेस! खोटारडी." तिला वर्गाकडे तोंड करून उभं केलं आणि प्रत्येक मुलाकडून तोच धडा खालून वाचून घेतला. घंटा होईपर्यंत. प्रगतिपुस्तकात शेरा आला : लक्ष नाही, खोटे बोलते. वर्षाच्या शेवटी नापास.

पुढच्या वर्षी धाकटी बहीण त्याच वर्गात आली आणि महिन्याभरात पहिल्या बाकावर जाऊन बसली. बाबा जेवताना म्हणायचे, "धाकटीकडून शीक जरा." धाकटीचा काय दोष म्हणा, पण तेव्हा तिचाही राग यायचा.

खरं काय ते मामामुळे कळलं. एक दिवस मामा तिला न्यायला आला. ही शाळेच्या फाटकातून बाहेर पडली, निळा शर्ट दिसला, जाऊन हात धरला आणि चालू लागली. तो निघाला रंगारी, कुठल्याशा कामावर चाललेला! मामा मागून बोंबलत आला, "अगं, मी इथे हात हलवतोय! डोळे फुटले का तुझे?" विचारलं आणि स्वतःच गप्प झाला. तसाच तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून ती शेवटच्या बाकावर बसली. फळा लख्ख दिसला, पण तिने आधी पाहिलं ते बाईंचं तोंड. बाई एका मुलाला कोपऱ्यात उभं करत होत्या आणि हसत होत्या. त्यांचा आवाज नेहमी हळवा असायचा, म्हणून तिला वाटायचं, शिक्षा करताना बाईंना वाईट वाटत असेल. कसलं वाईट आणि कसलं काय! त्यांनी हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चष्म्याने अक्कल येते होय?"

त्या बाई गेल्या आठवड्यात सकाळी दुकानात आल्या. सत्तरीच्या, काठी टेकत. जवळच्या एका शाळेत अजून लहान मुलांना शिकवत होत्या. नव्या मुख्याध्यापकाने नजर तपासून कागद आणायला सांगितलं होतं, कागद नसेल तर वर्ग नाही. चष्मेवालीने आवाजच आधी ओळखला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती नुसतं "बसा" म्हणाली.

बाईंच्या आधी एक प्लंबर होता. तो भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं खणखणीत आवाजात वाचत होता. बाई बाकावर बसून ओठ हलवत होत्या. चष्मेवालीने ते पाहिलं. असं ओठ हलवणं तिला कोणी शिकवायला नको होतं.

प्लंबर गेला. बाई स्टुलावर बसल्या आणि प्लंबरने वाचलेल्या सहाही ओळी कुठेही न अडखळता म्हणून दाखवल्या. चष्मेवालीने फूटपट्टी उचलली आणि शेवटच्या ओळीवर ठेवली.

"आता खालून वाचा."

बाईंना ओळी पाठ होत्या त्या वरूनच; त्यांनी पुन्हा वरची ओळ सुरू केली. चष्मेवालीने मात्र त्यांना पहिल्याच अक्षरावर थांबवलं.

"पट्टी नीट धर," बाई डाफरल्या, "हात हलतोय तुझा."

"हात नाही हलत, बाई. दुसरी, शेवटचा बाक. कपाटाजवळ."

बाईंनी डोळे बारीक केले. "खोटारडी? दोनदा बसलीस ती?"

"मला दिसत नव्हतं."

"मग सांगायचं होतंस! तोंड नव्हतं तुला?"

"सात वर्षांची होते मी! सगळ्यांना असंच दिसतं असं वाटायचं मला. तुम्हाला तर माहीत आहे, दिसत नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत?"

बाईंनी काठीची मूठ घट्ट धरली. मग त्याच हळव्या आवाजात म्हणाल्या, "वर्ग गेला तर दिवसभर घरात मी करू काय? लिही ना, दिसतं म्हणून. तुझं काय जातंय?"

एकदा, फक्त एकदा, 'चुकले गं' म्हणाल्या असत्या, तर चष्मेवालीने काय लिहिलं असतं, तिचं तिलाच ठाऊक नाही. तिने स्टूल पुढे ओढलं. "इथे बसा. दिसतं?" नाही. "आणखी पुढे." नाही. तक्त्यापासून दोन हातांवर आल्यावर बाईंना वरचं मोठं अक्षर दिसलं. चष्मेवालीने बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे पाहिले, दोन्ही बुबुळं दुधाळ झाली होती.

चष्मेवालीने कागदावर लिहिलं : मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्यावे. पहिल्या बाकावर बसवले तरी फळा दिसणार नाही.

बाईंनी कागद नाकाला लावला, उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला.

"काय लिहिलंस? वाचून दाखव."

"शाळेत द्या," चष्मेवाली म्हणाली, "तिथे वाचतील सगळ्यांसमोर."

आणि तिने बाकावरच्या पुढच्या माणसाला स्टुलाकडे बोलावलं.