तांदळातले काळे कण

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी चहा संपवा. नाहीतर नाकातून यायचा!

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. गोंदियाच्या एका भातगिरणीत मी नवाच लागलो होतो. काम काय? तयार तांदूळ तळहातावर घेऊन पाहायचा आणि खोट दिसली की घंटा वाजवायची. घंटा झाली की इंजिन बंद! खोट सापडेपर्यंत कोणी चाक फिरवायचं नाही, असा शेठजींचा कायदा. एवढा अधिकार मला घरात बायकोसमोरही कधी मिळाला नव्हता!

पहिल्याच सकाळी तंबाखूचा बार भरला, तांदूळ हातात घेतला, आणि पाहतो तर काय? काळे कण! वाजवली घंटा. सुखराम मिस्त्रींनी इंजिन थांबवलं, यंत्र खोललं, चाळण्या झाडल्या. काही नाही.

इंजिन सुरू झालं. जिवाला धीर म्हणून मी पुन्हा बार भरला, तांदूळ घेतला. पुन्हा काळे कण! पुन्हा घंटा!

"मिस्त्री, यंत्राचं लोखंड झिजतंय!"

"बाबू, माह्या हातात त तांदूळ साफ दिसून राह्यला जी."

"तुमचे डोळे म्हातारे झालेत!" असं म्हणालो हो मी. साठीच्या माणसाला! अजून लाज वाटते.

दुपारी त्याच मिस्त्रींनी आपल्या डब्यातली वांग्याची भाजी मला वाढली. जेवलो, बार भरला आणि तिसरी घंटा दिली. बाहेर कामठा गावाहून धान घेऊन आलेल्या बैलगाड्या खोळंबलेल्या. शेठजी तणतणत आले.

"सुखराम, शाम तक गडबड नहीं मिली तो कल से दूसरा मिस्त्री!"

मिस्त्रींचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात तांदूळ पाखडणारी सोनाबाई सूप ठेवून उठली.

"बाबू, थो तांदूळ ठेवा खाली. आता हात दाखवा."

दाखवला. तांदूळ नव्हता, पण काळे कण जिथल्या तिथे!

"अगा बापा, हा त तंबाखू होय! इंजिन कायले खोलून राह्यले? बाबूले धुवा ना!"

शेठजी खांब धरून हसले. मी मिस्त्रींचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मला वरच्या वर उचललं.

"राहू द्या जी. खोट सापडली ना? आता काढा थो तंबाखू, चिमूटभर मले बी द्या."

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर घंटेखाली पाण्याची बादली! शेठजींचा कायदा बदलला होता: आधी बाबूला धुवायचं, मग गिरणी थांबवायची.