पालीचे कुरव आणि मावशीच्या कोंबड्या

पालीच्या धरणावर समुद्राकडची पाखरं उतरलीत, असा सुमनमावशीचा फोन आला आणि शनिवारी मी पहिली एसटी धरली. मावशी आईची धाकटी बहीण, पालीतच राहते. गावरान कोंबड्या आणि त्यांची अंडी, यावर तिचं घर चालतं.

बीडच्या स्टँडजवळून पालीला जीप मिळते. भरल्याशिवाय ती हलत नाही, तेवढ्यात पोहे खाऊन घ्या. जायचं ते हिवाळ्यात आणि नऊच्या आत. नंतर पाण्यावरचं ऊन डोळ्यांत घुसतं.

पाखरं म्हणजे काळ्या डोक्याचे कुरव, सीगलच. नावावर जाऊ नका, थंडीत डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे तेवढा काळा ठिपका उरतो. लाल पाय, लाल चोच, आकार कावळ्याएवढा. खाड्या-बंदरांवर राहणारा हा पक्षी मोठ्या धरणांवरही मुक्कामाला येतो. तपकिरी डोक्याचा कुरव त्याचा अगदी सख्खा भाऊ शोभतो. खरा फरक पंखात.

तो फरक बघायला मी अतिशहाणीनं काठावर मरून पडलेला एक कुरव उचलला, पंख उलगडला आणि फोटो काढला. पुढच्या कडेला पांढरा पट्टा होता, म्हणजे काळ्या डोक्याचाच, ओळख पटली. त्या खुशीत मावशीच्या घरी आले, कोंबड्यांनी घेरलं म्हणून मूठभर ज्वारी टाकली आणि तिला फोटो दाखवला.

"मेलेलं हुतं? मग धरलंस कावून?"

"ओळखायला."

"हात धुतलेस का नंतर?"

धुतले नव्हते, आणि त्याच हातांनी ज्वारी टाकली होती. 

"बर्ड फ्लू घुसला तर समद्या कोंबड्या खड्ड्यात घालाव्या लागत्यात, पोरी," ती हळू म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन झाला. कोंबड्या कोंडा, दोन आठवडे नजर ठेवा, असं त्यांनी सांगितलं. मावशीनं माझ्या चपला साबणाच्या पाण्यात बुडवल्या. पिठलं-भाकरी वाढली, पण अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. 

माझ्या घरी आल्यावर रोज संध्याकाळी मावशीला फोन करायचे. रिंग नुसतीच वाजत राहिली की लगेच पुन्हा लावायचे. पाचव्या दिवशी तांबडी कोंबडी दाणे टिपेना झाली. दोन दिवस मी धड झोपले नाही. मग ती खुडूक बसल्याचं, म्हणजे अंडी उबवायला बसल्याचं कळलं.

दोन आठवडे सरले, सगळ्या धडधाकट राहिल्या. फोनवर मी रडले.

"रडू नको. पुढल्या हिवाळ्यात ये," मावशी म्हणाली. "पर आदी घरी ये, जेव, मग धरणावर जा. आन् तिथनं सरळ तुझ्या गावाची गाडी धर."