फ्रीजरमधला गायीचा घास

अण्णा गेले त्याला पाच आठवडे झाले. कराडहून दिरांचा फोन आला तेव्हा मी रेवाच्या शाळेबाहेर गाडीत बसले होते. "वहिनी, अण्णा गेले. झोपेतच..." नवरा त्याच दिवशी निघाला, मी मुलांना घेऊन इथेच ऑस्ट्रेलियात, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहिले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "नशीबवान हो तुमचे सासरे, ऑस्ट्रेलिया दाखवलंत त्यांना." काय डोंबल दाखवलं!

अण्णांचा उभा जन्म दूध संघाच्या नोकरीत गेला. जेवायला बसले की चपातीचा पहिला तुकडा गायीसाठी बाजूला, मगच स्वतःच्या तोंडात घास. गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तर पहिल्याच दुपारी तो तुकडा हातात धरून बॅकयार्डात उभे. "सूनबाई, इकडची लोकं गाय कुठं बांधत्यात?" मी पडले पुण्याची, जीभ जरा जास्तच चालते. म्हटलं, "अण्णा, इथे गाय सुपरमार्केटात मिळते, पॅक केलेली." त्यांना तुकडा टाकवेना म्हणून त्यांनी तो पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला. मग रोजचाच तिथे जायला लागला. माझ्या मटारच्या पाकिटांना जागा उरेना, मी कुरकुर करायची.

मग रेवाच्या टीचरने सांगितलं की तासाभरावरच्या एका छोट्या गावात शनिवारी शो, म्हणजे शेतकी प्रदर्शन आहे आणि दुपारी मैदानातून गायीबैलांची परेड निघते. अण्णा एकदम खुलले. "पोरांच्या हातानं एकदा तरी गायीला घास घालायचा," म्हणाले. "एवढं झालं की मी सुखानं परत जातो बघ." रेवा सहा वर्षांची, नील तीनचा. अण्णांनी आदल्या दिवशी धोतर स्वतः इस्त्री केलं.

परेड छानच होती, खोटं कशाला बोलू. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गायी, गळ्यात निळ्या-लाल रिबिनी. एक तांबडी गाय कुंपणाजवळून चालली होती. अण्णांनी पिशवी उघडली, रेवाच्या हातात तुकडा दिला आणि कुंपणाच्या आत हात घालून तो गायीच्या कपाळाला लावून स्वतःच्या डोळ्यांना लावला. लगेच हॅटवाला एक माणूस धावत आला, "सॉरी मेट, नो फूड प्लीज." सौम्यपणेच बोलला बिचारा. पण दहा पावलांवर माझ्या ऑफिसातला एक जण बायकामुलांसकट उभा होता आणि बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

परेड संपल्यावर त्या गायीची म्हातारी मालकीण मुद्दाम आमच्यापाशी आली. म्हणाली, तीन वाजता शेडमध्ये या, मुलांना हाताने गवत भरवू दे, आजोबांनाही आणा. तिचं ते इंग्रजी अण्णांना कुठलं कळायला? मोठ्या आशेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात बाई?"

"नाही म्हणतात," मी म्हणाले. "चला आता, शोभा पुरे झाली."

हो, म्हणाले मी असं. पुण्यात वाढले, इंजिनीअर झाले, आणि ऑफिसातल्या एका माणसापुढे सासऱ्यांच्या धोतराची लाज वाटली मला.

घरी आल्यावर अण्णांनी पिशवी निमूट फ्रीजरमध्ये ठेवली. "दमली असशील, चहा टाकतो," म्हणाले आणि खरंच चहा केला. त्या दिवसानंतर मात्र पानातला घास बाजूला काढला नाही. मी समजत होते की विसरले. पुढच्या वर्षी घेऊन जाऊ परत, असं मनाशी घोकत राहिले. कसलं पुढचं वर्ष...

काल रेवाने शाळेतून शोचा कागद आणला. फ्रीजर उघडून पिशवी काढली आणि म्हणाली, "कॅन वी टेक धिस, आई? लास्ट टाइम त्या गायवाल्या आजी यस म्हणाल्या होत्या."

मी विचारलं, "तुला कळलं होतं?"

"ऑफ कोर्स. मी आजोबांना सांगितलं ना, गाडीत. तू नीलची प्रॅम डिकीत टाकत होतीस तेव्हा."

"मग? आजोबा काय म्हणाले?"

"म्हणाले, आईला सांगू नको हं, तिला वाईट वाटेल."

पिशवी तिच्या हातातून घेतली आणि होती तिथे परत ठेवली. मटारच्या पाकिटांना मी आता दुसरीकडे जागा केली आहे.